पोपची वाम आणि मारेगावचे ताट

पोप चौथा मार्टिन हा मोठा खवय्या होता. इ. स. १२८१ ते १२८५ अशी चारच वर्षे तो गादीवर होता, पण त्याच्या धर्मकारणापेक्षा त्याची जीभच लोकांच्या अधिक लक्षात राहिली. रोमच्या उत्तरेस बोल्सेना नावाचे सरोवर आहे. त्यातली वाम, म्हणजे ती सापासारखी लांबोडकी मासळी, त्याला जीव की प्राण. ही वाम जिवंतपणीच पांढऱ्या वाइनमध्ये बुडवायची आणि ती त्यातच निपचित झाली की मग निखाऱ्यावर भाजायची, अशी त्याच्या मुदपाकखान्याची रीत होती म्हणतात. पुढे दान्ते कवीने आपल्या महाकाव्यात या पोपमहाराजांना खादाडांच्या रांगेत उपाशी उभे केले, आणि ते करताना मासळीचे सरोवर आणि वाइनचे नाव ही दोन्ही नोंदवून ठेवली. त्या वाइनचे नाव वेर्नाच्चा.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावचा माणूस हे वाचून म्हणेल, वाम तर आमच्याकडेही असते! खरेच असते. वर्धा नदीतली वाम कुळाने इटलीच्या वामेहून निराळी, पाठीवर काटे असलेली. पण रूप तेच, चव भरदार आणि अंगी तेलकटपणा. हाट भरला की कोळणीच्या टोपलीत ती कधी कधी दिसते. तेव्हा अर्धी जोडी आपल्या दारात आहे. राहिली वाइन. ती काय चीज आहे, ती कशाबरोबर जमते, आणि मुख्य म्हणजे आपल्या ताटाशेजारी तिला जागा आहे की नाही, याचा जरा शोध घेऊ.

टस्कनी प्रांतात सान जिमिन्यानो नावाचे एक डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. मध्ययुगात तेथल्या सावकारांना एकमेकांपेक्षा उंच मनोरे बांधायचे वेड लागले. बहात्तर मनोरे होते असे सांगतात. आज चौदा उभे आहेत आणि ते पाहायला जगभरचे प्रवासी येतात. या गावाभोवतीच्या उतारावर वेर्नाच्चाची द्राक्षे पिकतात. जमिनीत पूर्वी समुद्र होता, त्यामुळे मातीत शिंपल्यांचे अवशेष सापडतात. १२७६ सालच्या जकातीच्या कागदांत या वाइनचा उल्लेख आहे. म्हणजे पोप मार्टिन गादीवर येण्याआधीच सरकारने तिच्यावर कर बसवला होता. (चांगली गोष्ट सरकारच्या नजरेतून सुटत नाही, हा नियम सर्व देशांत सारखाच.) मधल्या काळात तिचे दिवस फिरले, लोकांनी दुसरे वेल लावले. मग १९६३ साली इटलीने वाइनच्या नावांना संरक्षण देणारा कायदा केला, आणि १९६६ साली त्या कायद्याखाली ज्या वाइनला सर्वांत प्रथम मान मिळाला ती हीच. अमुक गावच्या शिवारात, अमुक द्राक्षापासून, अमुक रीतीने केली तरच तिला वेर्नाच्चा दि सान जिमिन्यानो म्हणावयाचे, एरवी नाही. १९९३ मध्ये तिला त्याहून वरचा दर्जा मिळाला.

पांढरी वाइन म्हणजे पांढरी नव्हेच. ती गव्हाच्या काडासारखी फिकट पिवळी असते. द्राक्षे पिळून साल आणि चोथा लगेच बाजूला काढतात आणि नुसता रस थंड जागी आंबवतात. साल नाही म्हणून रंग नाही, आणि जीभ ओढून धरणारा तुरटपणाही नाही. मद्यार्क साधारण बारा-तेरा टक्के. वेर्नाच्चा गोड नसते. प्रथम किंचित फुलांचा वास, मग लिंबासारखी आंबूस धार, आणि शेवटी कडू बदामाची एक बारीकशी आठवण. हा शेवटचा कडवटपणा काहींना आवडत नाही. ज्याला कारल्याची काचरी आवडते त्याला तो आवडावा, असा माझा अंदाज आहे.

आता ती कशाबरोबर घ्यावयाची? येथे इटालियन माणूस पोथी उघडत नाही. जे त्या मातीत पिकते ते त्या मातीतल्या वाइनबरोबर, एवढेच त्याला ठाऊक. टस्कनीच्या लोकांना बाकीचे इटालियन 'घेवडेखाऊ' अशा अर्थाच्या नावाने चिडवतात, इतके ते पांढऱ्या घेवड्याच्या बिया खातात. त्यांचा पाव अळणी, आपल्या भाकरीसारखा. शिळा पाव भिजवून त्यात टोमॅटो, कांदा आणि ऑलिव्हचे तेल घालून ते कालवण करतात. मेंढीच्या दुधाचे ताजे चीज, तळलेली मासळी, भाजलेली कोंबडी, उकडलेल्या हरभऱ्याचे सार, हे सगळे वेर्नाच्चाचे सोबती.

यामागे शास्त्र आहे आणि ते कोणत्याही सुगरणीला चटकन पटेल. तळलेल्या भज्यावर आपण लिंबू का पिळतो? तेलाचा ओशटपणा तोडायला. वाइनमधली आंबट धार तेच काम करते. प्रत्येक घासानंतर तोंड धुतल्यासारखे होते. खारट पदार्थामुळे वाइनचा आंबटपणा सौम्य लागतो, म्हणून खारे आणि तळलेले हे तिचे सख्खे मित्र. उलट पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असला की वाइन पाणचट लागते, आणि जास्त गोड असला की ती चिंचेचे पाणी होते. सर्वांत वाकडे वैर तिखटाशी. मिरचीची आग मद्यार्काने विझत नाही, भडकते. हे ज्याने एकदा केले तो पुन्हा करणार नाही.

या गोष्टी इटलीतच राहिल्या असत्या तर मी हा लेख लिहिला नसता. पण टस्कनीचा एक धागा सोलापूर जिल्ह्यात येऊन पोचला आहे. २००७ च्या सुमारास अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातले दोन भाऊ, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू अशा तीन जोड्यांनी मिळून माळशिरस तालुक्यात द्राक्षमळे लावले. वाइन करण्यासाठी टस्कनीहून पिएरो मासी नावाचे जाणते गृहस्थ आले. कारखान्याचे नाव ठेवले फ्रातेल्ली. इटालियन भाषेत याचा अर्थ 'भाऊ भाऊ'. ऊस आणि साखरेच्या मुलखात हे धाडसच. येथे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते आणि खुडणी होते ती हिवाळा संपताना. इटलीत हेच काम सप्टेंबर-ऑक्टोबरात चालते. तेथे सांजोव्हेझे हे टस्कनीचे काळे द्राक्ष रुजले. पांढऱ्या वाइनसाठी मात्र शार्दने, सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां ही मूळ फ्रान्सची द्राक्षे लावलेली आहेत. वेर्नाच्चा काही सान जिमिन्यानो सोडून हिंडत नाही. तरी हात इटलीचा आणि माती सोलापूरची, असे हे मिश्रण. आणि शेंगदाण्याची चटणी जरा हात आखडून केली तर त्या पांढऱ्या वाइनशी ती बरी जमते.

मारेगावला ना द्राक्षे, ना सरोवर. कापूस, तूर, सोयाबीन; उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. वाइनची बाटली मे महिन्यात ओसरीवर ठेवली तर तिचे काय होईल ते सांगायला नको. पण दिवाळीचे दिवस वेगळे. कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते, रात्री गारठा पडतो. अशाच एका दिवाळीत माझा पुतण्या मिलानहून सुटीवर आला. येताना त्याने वेर्नाच्चाची एक बाटली आणली आणि थोरल्या भाऊंच्या घरी, मारेगावच्या ओसरीवर ती उभी केली.

वहिनी चुलीपासून उठून आल्या. त्यांनी बाटलीकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले.

"हे काय आनलं बाप्पा?"

"आई, वाइन आहे. तिकडे सगळे जेवणासोबत घेतात. दारू नाही ती."

"बाटली ते बाटलीच. उभी असो का आडवी."

ज्यांना हा उभा-आडवा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान उठते. मत देणाऱ्यांपैकी निम्म्या नव्हेत, एकूण यादीतल्या निम्म्या. म्हणजे ज्या घरी राहिल्या त्या आपोआप दुकानदाराच्या पारड्यात. आमच्या भागातल्या बायकांना हा हिशेब तोंडपाठ आहे. वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती, आणि अलीकडे यवतमाळ जिल्ह्यात दुकाने उघडी. पलीकडचा तहानेला अलीकडे येई आणि अलीकडची पेटी पलीकडे जाई. नदीकाठच्या गावांनी ती वर्षे पाहिली आहेत.

वहिनींनी त्याहून जवळून पाहिले आहे. त्यांच्या वडिलांची पाच एकर काळी जमीन दारूच्या उधारीत गेली. वडील जेवणाबरोबर कधीच प्यायले नाहीत. शेतातून परस्पर गुत्त्यावर, उपाशीपोटी, उभ्याउभ्या. घरी येईतो अन्नाची वासना संपलेली. आजी ताट झाकून बसे आणि सकाळी ते गुरांपुढे ठेवी. ही हकीकत वहिनींनी कधी सलग सांगितलेली नाही, पण झाकलेल्या ताटाचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात अधूनमधून येतो.

त्या संध्याकाळी त्यांनी बाटली बाहेर फेकली नाही. त्यांनी दोन अटी घातल्या. "बाटली माह्या चुलीपाशी येनार नाही. आन जेवल्याशिवाय कोनी थेंब घेनार नाही."

पुतण्या हसून म्हणाला, "आई, इटलीत हाच नियम आहे." वहिनींनी त्याकडे लक्ष दिले नाही.

मग बाटली माठाच्या पाण्यात दोन तास गार केली आणि स्टीलच्या पेल्यांतून बोट-बोटभर वाटली. वाइनच्या जाणकारांना काचेचे पातळ पेले लागतात. आमच्याकडे ते नव्हते, आणि त्यावाचून काही अडले नाही. आता निकाल सांगतो. पाटवडीच्या रश्शापुढे वेर्नाच्चा घासभरही टिकली नाही. तो काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा तोंडात असताना वाइनचा घोट घेणे म्हणजे जळत्या पऱ्हाटीवर रॉकेल. अंबाडीच्या भाजीने तिला पाण्यासारखे करून टाकले, कारण अंबाडीचा आंबटपणा तिच्यापेक्षा सवाई. पिठले मधलेच, ठेचा बाजूला ठेवला तर बरे, ठेच्यासह नाही. वांग्याचे भरीत मात्र फार छान जमले. आमच्याकडे भरताला निखाऱ्याचा धूर, कांद्याची पात आणि कच्चे तेल असते. धुराचा कडवटपणा आणि वाइनच्या शेवटचा कडवटपणा एकमेकांना ओळख देतात. सांबारवडीनेही बाजी मारली. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीशी संबंध नाही.) तळलेली पारी, आत हिरवेगार सारण, खसखस-खोबरे, तेल तोडायला लिंबाऐवजी वाइन.

आणि वाम. भाऊंनी सकाळी मुद्दाम मिळवून आणली होती. हळद-मीठ लावून, ज्वारीच्या पिठात घोळवून, तव्यावर जवसाच्या तेलात परतली. मिरची नावाला. ती कुरकुरीत तुकडी आणि तो गार घोट यांची जोडी जमल्यावर ओसरीवर कोणी काही बोलेना. पोपमहाराजांना दान्तेने उपाशी ठेवले ते जरा कठोरच झाले, असे मला त्या वेळी वाटले.

फराळाच्या ताटाचाही प्रयोग झाला. चकली, शेव, चिवडा ही सारी खारी आणि तळलेली मंडळी वाइनशी जणू जन्माची ओळख असल्यासारखी वागली. अनारसा आणि बेसनलाडू यांच्यापुढे ती आंबट तोंड करून बसली. तेव्हा दिवाळीत कोणी पांढरी वाइन पुढे केलीच तर लाडू आधी किंवा नंतर, बरोबर नाही.

भाऊ अर्धा पेला घेऊन थांबले. म्हणाले, "चांगली आहे. पण आपल्या मोहाला काऊन कोनी असं नाव देत नाही?"

या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ विचार केला. मारेगाव, झरी, केळापूर या बाजूला कोलामांची पोडे आहेत, गोंडांच्या वस्त्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात आणि उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ताजे फूल मांसल, मलईच्या रंगाचे, मधासारखे गोड. वाळवले की मनुका. ते भाजून तिळाबरोबर लाडू करतात, पिठात घालून भाकरी करतात, हरभऱ्याबरोबर शिजवतात. आणि आंबवून, मडक्यावर मडके चढवून, नळीतून थेंबथेंब दारू गाळतात. चरकसंहितेत फुलांपासून करायची दहा आसवे सांगितली आहेत त्यांत मधूक, म्हणजे आपला मोह, आहे. वेर्नाच्चाच्या जकातीच्या कागदापेक्षा ही नोंद कितीतरी जुनी.

या दारूलाही तिचे ताट होते. आधी देवाला धार, मग वडीलधाऱ्यांना, मग लग्नाच्या पंगतीत कोंबडीच्या रश्शाबरोबर सगळ्यांना. तिला वेळ होती, जागा होती, सोबत अन्न होते. इंग्रज सरकारला मात्र यात फक्त बुडालेला महसूल दिसला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने घरच्या भट्ट्यांवर गदा आली. १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठीच कायदा झाला, आणि फूल जवळ बाळगणे हाच संशय ठरला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर पुढे तोही इकडे लागू झाला. गाळणे अंगणातून नाल्यात गेले. जे अंगणात सावकाश होत असे ते रात्री, घाईने, लपून होऊ लागले. त्यात नवसागर पडू लागला, काळा गूळ पडू लागला, आणि पिणारा ताटाऐवजी झुडपाआड बसू लागला. सगळा दोष कायद्याचा असे मी म्हणत नाही. गांधीजींपासून आजच्या महिला मंडळांपर्यंत ज्यांनी दारूला विरोध केला त्यांनी उद्ध्वस्त घरे पाहून केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे असे कोणतेच प्रमाण नाही जे प्रकृतीला निर्धोक म्हणता येईल. इटलीची वाइनही त्याला अपवाद नाही. पण ताटाजवळचा पेला आणि गुत्त्यावरचा ग्लास या दोन गोष्टी एका मापाने मोजल्या की ताटाजवळचा पेला आधी नाहीसा होतो आणि गुत्ता राहतो, हे आमच्या भागात घडले आहे.

गोव्याने काजूच्या फेणीसाठी २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवले. इटलीने १९६६ मध्ये वेर्नाच्चासाठी जे केले तेच, उशिराने. मध्य प्रदेशाने २०२१ च्या अखेरीस मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देण्याचे जाहीर केले आणि आदिवासी बचत गटांना ती गाळून विकण्याचा मार्ग काढला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरची जुनी बंधने सैल केली. फुलावरचा संशय उतरला. त्याच महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर एवढे वादळ उठले की तो अमलात आला नाही. द्राक्षवाल्यांचे म्हणणे होते, वाइन म्हणजे शेतमाल. विरोधकांचे म्हणणे होते, बाटली ते बाटलीच.

मी हे वहिनींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मला विचारले, "भाऊजी, त्या तिकडल्या बायका नवऱ्यासोबत एका ताटाशी बसतेत का?"

बसतात, असे पुतण्याने सांगितले. नवरा, बायको, आजी, पोरे, सगळी एका मेजावर, आणि बाटली मधोमध.

"मंग त्याहीले दिसते ना तो किती पेतो ते," वहिनी म्हणाल्या, आणि भाकरी थापायला आत गेल्या.

बाटली निम्मी उरली. उघडलेली पांढरी वाइन गार जागी दोन-तीन दिवस टिकते, पुढे ती आंबते. वहिनींनी ती देवघरापासून लांब, गोठ्यातल्या फळीवर ठेवायला लावली. पुतण्याला दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठायचे होते, भाऊंना आणखी नको होती. चौथ्या दिवशी उरलेले वहिनींनी परसात लिंबाच्या बुडाशी ओतले. बाटली मात्र टाकली नाही. काच जाड आणि बूच घट्ट होते. गरम पाण्याने दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, त्यांनी तिच्यात जवसाचे तेल भरले आणि ती चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवली.